घरात सगळं असताना शिळ्याचं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही एकट्यांनीच विचारलंत असं नाही. नणंद विचारते, शेजारणी विचारतात, सुनेच्या मैत्रिणी तिला बाजूला घेऊन विचारतात. मुलगा-सून दोघं कमावतात, तुमची पेन्शन चालू आहे, फ्रिज भरलेला आहे. मग रविवारी सकाळी आदल्या रात्रीचं उरलंसुरलं कुस्करून, भाजून सगळ्यांपुढे का ठेवता? आणि पाहुणे आले तरी तेच?

आजवर मी "चवीला छान लागतं" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं नाही, पण तेवढंच नाही.

फोडणीची भाकरी आणि कुस्करा तुम्हाला ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मी करते त्याची रीत नंदुरबारची. तिथं नोकरीला असताना शेजारी गुजराती कुटुंब होतं. त्यांच्याकडे हांडवो व्हायचा, डाळ-तांदळाचं आंबवलेलं पीठ, त्यात किसलेला दुधी, वर तिळाची फोडणी, आणि खाली वाळू घातलेल्या भांड्यात मंद भाजणं. मी त्यांच्याकडून भाजायची रीत घेतली आणि आत आपलं खानदेशी घातलं.

शनिवारी रात्री कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या, भाकरी मी जरा जास्तच टाकते. सकाळी त्या हातानं मोडायच्या. मिक्सरला लावल्या तर पीठ होतं आणि ताकात त्याचा गच्च गोळा बसतो. चुरा तीन वाट्या असला तर आंबट ताक दीड वाटी, अर्धा तास भिजू द्यायचं. ज्वारीला चिकाटी नसते, म्हणून अर्धी-पाऊण वाटी बेसन लागतंच. अंडी चालत असतील तर दोन फोडून घाला, तुकडे सुरेख सुटतात. मग घरात जे असेल ते: घट्ट वरण, मेथीची भाजी, उरलेली बट्टी. हिवाळ्यात भरीत उरलं असेल तर विचारूच नका. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण बामणोदची वांगी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजून, लाकडी बडगीत ठेचून केलेलं भरीत ज्यानं खाल्लंय त्याला सरकारी कागदाची गरज नव्हती. दोन डाव भरीत पडलं की सगळ्या मिश्रणाला तो धुराचा वास लागतो. फोडणी मोहरी, जिरं, तीळ, ठेचलेला लसूण आणि हिरव्या मिरचीची. निम्मी मिश्रणात, निम्मी भांड्याच्या बुडाशी. अख्खे शेंगदाणे. मीठ चाखूनच घालायचं, कारण भाकरीत, वरणात, भाजीत ते आधीच असतं. ओव्हन 180 अंशांवर, चाळीसेक मिनिटं. ओव्हन नसेल तर बिडाची कढई, खाली तवा, वर घट्ट झाकण आणि बारीक आच. जाड तिखट शेव चुरून शेवटच्या दहा मिनिटांत वर घालायची, आधी घातली तर मऊ पडते. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं सुरी लावायची नाही. गरम कापलं की ढासळतं, थोडं निवलं की आवळून येतं.

आता "शिळं बाधतं" म्हणणाऱ्यांसाठी. काय बाधतं ते मला नीट माहीत आहे, कारण घरात नातवंडं आहेत. भात-खिचडीत एक जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा तापवलं तरी जात नाही. म्हणून मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना ओट्यावर राहिलेला भात माझ्या कढईत येत नाही. रात्री ताटात पसरून निववलेला, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलेलाच येतो. वरण-भाजीलाही हाच नियम. आणि भाजताना थर मध्यभागी 74 अंशांच्या वर तापलाच पाहिजे. तेव्हा काळजीपोटी विचारत असाल तर उत्तर मिळालं.

पण तुम्ही काळजीपोटी विचारत नाही. "सवय जात नाही हो गरिबीची," असं एकीनं माझ्या तोंडावर म्हटलंय. गरिबी होती. 1972 च्या दुष्काळात आमच्याकडे रेशनचा लाल मिलो यायचा, त्याच्या भाकरीचं वर्णन करत नाही, ज्यांनी खाल्ली त्यांना माहीत आहे. वडील त्याआधीच गेले होते आणि माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. पण गरिबीच्या सवयीनं मी शिळं करत असते तर नोकरी लागल्यावर पुढची कित्येक वर्षं माझ्या घरात शिळ्याचा कण नव्हता, त्याचं काय? त्याचं कारण दुसरं आहे. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुष्काळ सरल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात तापीकाठच्या गावी वडिलांकडच्या नात्यातलं लग्न होतं. घर मोठं, माणसं पुष्कळ. माय आणि मी दोन दिवस आधी गेलो होतो, म्हणजे मायला कामाला बोलावलं होतं हे मला आज कळतं. तेव्हा लग्नाला बोलावलंय असंच वाटत होतं. लग्नाच्या दिवशी पंगती उठल्या. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, बुंदी. आम्ही शेवटच्या पंगतीला बसलो, त्यात काही वावगं नव्हतं, राबणाऱ्या बायका शेवटीच बसतात. खरं झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

मधल्या घरात व्याही, जावई, शहरातून आलेली मंडळी बसली होती. त्यांच्यासाठी चुलीवर पुऱ्या निघत होत्या आणि शेवभाजी रटरटत होती. पुऱ्या माय तळत होती. मी तिच्याजवळ बसून लाट्या करून देत होते, आणि मला वाटत होतं की आता आपणही बसू. सगळे उठले. मग घरातल्या एका बाईनं, नाव सांगत नाही, कारण तिची मुलं-नातवंडं आहेत आणि त्यांचा काही दोष नाही, मागच्या ओट्यावर दोन ताटल्या आणून ठेवल्या. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या. आत काशाची-पितळेची ताटं धुऊन पालथी घातलेली मला दिसत होती. ताटलीत कालच्या बट्ट्या होत्या, फोडलेल्यासुद्धा नव्हत्या, आणि कालची वांग्याची भाजी, वर तेल थिजलेली. पुऱ्यांची परात आत झाकून ठेवली होती. ती झाकताना मी पाहिली होती. त्या परातीतल्या लाट्या माझ्या हातच्या होत्या.

मी ताटली पुढे ढकलली. मायनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं बट्टी हातानं फोडली, भाजीत कालवली, वास घेतला आणि म्हणाली, "खाई ले बेटा, आंबेल नई शे." आंबलेलं नाही, एवढंच. मी विचारलं, आपल्याला पुऱ्या का नाहीत? मोठ्यानं विचारलं, आत ऐकू जाईल असं. आतून कुणी काही बोललं नाही. माय खात राहिली. सगळं खाल्लं, माझ्या ताटलीतलंही. मग दोन्ही ताटल्या विहिरीवर नेऊन घासल्या आणि आत देऊन आली. परतीच्या एसटीत मी अमळनेरपर्यंत रडत होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती. त्या घराबद्दल तिनं पुढे आयुष्यात वाईट शब्द काढला नाही. मला आजही ते समजलेलं नाही, आणि त्याला मोठेपणा म्हणायची माझी तयारी नाही.

मग नोकरी लागली, माझं घर झालं, आणि मी ठरवलं: इथं कुणाच्या ताटात कालचं पडणार नाही. पंचविशीतली मी जी मुलगी होते, तिच्याशी मी अजून बोलते. ती म्हणते, तू मायचं सगळं विसरलीस. मी म्हणते, नाही. मला खुपलं ते बट्टीचं शिळेपण नव्हतं, आतल्यांना एक आणि ओट्यावर दुसरं, हे खुपलं होतं. बट्टी शिळीच चांगली लागते, हे तूही जाणतेस. ती म्हणते, मग माय समोर असताना हे का नाही केलंस? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माय गेल्यानंतर माझ्या घरात हा पदार्थ सुरू झाला.

शिळं अशुभ म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते की आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट आठवा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, आणि ते रोट भाऊबंदांनी मिळून, पौर्णिमेच्या आत संपवायचे असतात. दिवसेंदिवस पुरवून खातो आपण ते. पुरुषही खातात. तेव्हा कुणाला शिळं दिसत नाही.

दिसतं ते एरवी, आणि दिसतं तेव्हा काय होतं हेही बघा. आपल्या घराघरांत कालचं उरलेलं एक तर घरातली बाई सगळ्यांनंतर ओट्याशी उभी राहून खाते, नाही तर डब्यात भरून भांडी घासणाऱ्या बाईंना जातं. मला "शिळं खाता?" विचारणाऱ्यांच्या घरूनही जातं. माझ्याकडे काम करणाऱ्या ताई रविवारी येतात तेव्हा त्याच भांड्यातला तुकडा, त्याच ताटलीत, आमच्याबरोबर टेबलाशी खातात. त्यांना ते नेहमी आवडतं असं नाही. एकदा त्यांनी स्पष्ट सांगितलं की त्यांना आज चहा-बिस्किटच हवंय. मी चहा-बिस्किट दिलं.

मुलाचं म्हणणं असं की आई, तू सगळ्यांना एकाच ताटात ओढतेस, आणि ज्याला नको त्यालाही नाही म्हणता येत नाही. मागच्या महिन्यात सुनेचे आईवडील आले होते. मुलानं मला न सांगता पोहे केले. टेबलावर एकीकडे माझा भाजलेला थर, दुसरीकडे ताजे वाफाळते पोहे. व्याह्यांनी पोहे घेतले, विहीणबाईंनी दोन्ही घेतलं. कुणाचा अपमान झाला नाही, कुणी काही मनात ठेवलं नाही, आणि मला मात्र तिथं बसवेना. मुलगा म्हणाला, निवड असणं वेगळं आणि वेगळं वाढणं वेगळं. बरोबर आहे त्याचं. तरी टेबलावर दोन प्रकार दिसले की माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि हे त्याला समजावून सांगायचे शब्द मला सापडत नाहीत.

दिवाळीत ते पुन्हा येणार आहेत. भाकरी जास्त टाकायची हे नक्की आहे. पोह्यांवरून आमचं अजून चाललंय.