घडीचा कंदील

परवा दुपारी डेक्कनवरच्या एका कॅफेत डोक्यावर दिव्याचा पांढरा कागदी गोळा टांगलेला होता. हल्ली ते कुठेही असतात. आत एक मेलेला किडा पडला होता, त्याची सावली कागदावर. कॉफी येईपर्यंत मी किड्याकडेच बघत बसले आणि एकदम लक्षात आलं, अरे, हा दाबला तर पापडाएवढा चपटा होईल!

घडी होणाऱ्या वस्तूंपुढे माझं काही चालत नाही. छत्री, खाट, प्रवासातला पेला; उघडून-मिटून बघितल्याशिवाय पाय निघत नाही. याला आमचा आकाशकंदील जबाबदार. बाबा बांबूच्या काड्या तासायचे, दोऱ्याने सांगाडा बांधायचे, आई खळ शिजवायची. झिरमिळ्या कापायचं काम माझं, आणि त्या वाकड्या झाल्या म्हणून ओरडायचं काम दादाचं. तुळशीचं लग्न लागलं की कंदील माळ्यावर. पुढच्या वर्षी खाली काढावा तर एक कोपरा चेपलेला, खळीच्या वासाने उंदीर येऊन गेलेले. मग "यंदा नवाच करू."

जपान्यांनी हा माळ्याचा प्रश्न कधीच सोडवलाय. एदो काळातले, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातले वाटसरू हाकोनेच्या घाटात ओदावारा गावचा घडीचा कंदील नेत. काम झालं की चपटा करून अंगरख्यात. टोकियोत असाकुसाच्या कामिनारीमोन दरवाज्यातला लाल कंदील ३.९ मीटर उंच, वजन सुमारे ७०० किलो, आणि तोसुद्धा मिटतो! मे महिन्यात सांजा उत्सवाच्या पालख्या जायच्या असल्या किंवा वादळ येणार असलं की खालून वर गोळा करून ठेवतात. जळून गेलेला तो दरवाजा १९६० साली पॅनासोनिक कंपनीचे संस्थापक मात्सुशितांनी कंदिलासकट पुन्हा उभारून दिला. दुखणं बरं झालं म्हणून. म्हणजे नवसच की.

कॅफेतल्या गोळ्याचं कूळ मात्र जपानमधल्याच गिफू शहराचं. तिथे लाकडी साच्यावर बांबूची बारीक कामटी गुंडाळत नेतात, वर कागद चिकटवतात, वाळला की आतला साचा तुकड्या-तुकड्याने काढून घेतात. १९५१ मध्ये शिल्पकार इसामू नोगुची तिथे थांबला, नदीवर पाळीव पाणकावळ्यांकडून होणारी मासेमारी बघितली, कंदील बघितले आणि त्यातून आपले 'अकारी' दिवे घडवले. जगभरचे स्वस्त गोळे ही त्यांचीच नक्कल.

नोगुची निघाला होता हिरोशिमाला. तिथल्या दोन पुलांचे कठडे त्याच्याकडे होते. वडील जपानी, आई अमेरिकन. बॉम्बने मेलेल्यांसाठी त्याने आखलेलं स्मारक मात्र नाकारलं गेलं. अमेरिकन माणसाने ते करावं हे पटण्याजोगं नव्हतं. कठडे तेवढे राहिले.

मी घडीबद्दल लिहायला बसले होते. असो.