देव मानत नाही, मग उरुसात काय करता?

स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे तेच. "मॅडम, तुम्ही देव मानत नाही ना? मग मिरजेच्या उरुसात रात्रभर काय करता?" गाणं ऐकते म्हटलं, की लगेच पुढचा: "मग डोळे का पुसत होतात?"

गाणंच ऐकते. मीरासाहेबांच्या दर्ग्यात थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब विसावलेत. १९३७ साली गेले ते. त्यांच्या स्मरणार्थ गवई तिथे हजेरी लावतात, बिदागीसाठी गात नाहीत. यात देव मानायचा प्रश्न येतो कुठे?

येतो, तो ह्यांच्या बायपासमुळे. शस्त्रक्रिया मिरजेतच झाली. सासूबाईंनी दर्ग्याला गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची चादर, बोलला आणि आयसीयूबाहेरच्या बाकावर मी त्यांच्याशी भांडले. दात आवळून, हळू आवाजात. "नवसानं धमनी उघडत नसते," म्हणाले. त्या पदराच्या टोकाला गाठी मारत राहिल्या. हे वाचले. बिल भरलं, सर्जनना पेढे दिले. ते म्हणाले, "आमचं कामच आहे." रक्त देऊन गेलेल्या मुलांची तर नावंही कळली नाहीत. सगळ्यांचे आभार मानून झाले, तरी काहीतरी उरलंच. भाजी चिरतानाही घशाशी यायचं.

उरुसात सासूबाई गलेफ घेऊन निघाल्या, सोबतीला मी. रात्री एक तरुण मुलगी गायला बसली. तानपुरा मिरजेचाच, पण लागेना. जवारीचा दोरा, तारेखाली सरकवून तिचा झंकार खुलवतात तो, पुढे-मागे सरकवत होती बिचारी. लोक चहाला उठले. आणि एकदम खर्जातून, सगळ्यात खालच्या 'सा'च्या तारेतून, गंधार म्हणजे 'ग' बोलू लागला. त्या तानपुऱ्यात गंधाराची तार नसतेच. तो खर्जाच्या तारेचा पाचवा हार्मोनिक, मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा, तारेतून आपोआप उमटणारा स्वर. वर्गात मीच शिकवते हे! तिनं अजून 'सा'सुद्धा लावला नव्हता आणि मी हुंदके देत होते. सासूबाईंनी न बोलता पदर पुढे केला. तोच, गाठींचा.

कॉलेजात असताना मी ठणकावून सांगायचे, भक्ती वगैरे काही नाही, ध्वनिलहरींचा परिणाम. आजही तेच म्हणते. पण ती कॉलेजातली मुलगी मला विचारते, मग हात कुणाला जोडलेस? मी जोडलेच नव्हते. सासूबाई म्हणतात, जोडले होतेस.

आमचा हा वाद अजून चालू आहे. यंदाही दोघी जाणार, त्या गलेफासाठी, मी गाण्यासाठी. तुम्हाला याला श्रद्धा म्हणायचं तर म्हणा, फक्त स्टाफरूममध्ये टाळ्या देत नको.