चॉकलेटचं मूळ गाव: पोरं, आजी आणि बॉर्नव्हिल

इंग्लंडात लहान मुलं असलेल्या मराठी घरात कधी ना कधी बर्मिंगहॅमच्या कॅडबरी वर्ल्डचा, म्हणजे तिथल्या चॉकलेटच्या प्रदर्शनाचा विषय निघतोच, कोणीतरी जाऊन आलेलं असतं, ग्रुपवर जांभळे जांभळे फोटो पडतात आणि मग आपली पोरं मागे लागतात. आमच्याकडे यंदा आई ठाण्याहून आली होती म्हणून मुहूर्त लागला. आईचं तर निम्मं आयुष्य ठाण्यातल्या कॅडबरी फॅक्टरीजवळच्या कॅडबरी जंक्शनवरून ये-जा करण्यात गेलंय, बसमधून जाताना मधेच चॉकलेटचा वास यायचा तो मलाही लहानपणचा आठवतो. ती म्हणाली, मला कॅडबरीचं मूळ गाव बघायचंय. चॉकलेटला पण गाव असतं हे पोरांना इतकं भारी वाटलं की आठवडाभर दुसरा विषय नाही.

आम्ही ट्रेननेच गेलो. बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटला उतरून लोकल पकडली की दहा-बारा मिनिटांत बॉर्नव्हिल स्टेशन येतं आणि स्टेशनच जांभळं आहे! धाकटा चार वर्षांचा, त्याच्यासाठी सहल तिथेच वसूल झाली होती. तिथून चालत जाता येतं, पाट्या आहेत, बाबागाडी नेली तरी त्रास नाही. तिकिटं मात्र आधी ऑनलाईन काढा, वेळेचा स्लॉट असतो.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बरेच जण वेगळ्या अपेक्षेने जातात. फॅक्टरी शेजारीच चालू आहे पण कॅडबरी वर्ल्ड म्हणजे फॅक्टरीची टूर नाही, १९९० साली उघडलेलं प्रदर्शन आहे. पट्ट्यावरून धडाधड वड्या चालल्यात असलं दृश्य मनात ठेवून जाऊ नका. सुरुवातीला चॉकलेटचा जुना इतिहास, जंगल, कोको पिणारे माया आणि अ‍ॅझटेक लोक, मग तिकडे चाल करून गेलेला सरदार कोर्तेस आणि त्याचा स्पेन, हे सगळं थोडं अंधारात आणि मोठ्या आवाजात आहे, धाकटा आजीच्या पदरात शिरला. तीन-चार वर्षांचं मूल असेल तर त्याला आधी सांगून ठेवा, हात धरा आणि तिथून भराभर पुढे चला. पुढे जुन्या बर्मिंगहॅमचा बुल स्ट्रीट उभा केलाय, तिथे जॉन कॅडबरीने १८२४ साली दुकान काढलं, चहा, कॉफी आणि प्यायचं चॉकलेट विकायला. तो क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा, दारूच्या पक्का विरोधात, लोकांनी दारूऐवजी हे प्यावं असं त्याला मनापासून वाटायचं. आई तिथे बराच वेळ थांबली.

वाटेत हातात चॉकलेटं देतात. ती लगेच फोडू देऊ नका, पिशवीत टाका, कारण पुढे पातळ गरम चॉकलेटचा छोटा कप मिळतो आणि त्यात आपल्याला हवं ते घालून घ्यायचं असतं. पोटात जागा त्याच्यासाठी ठेवा.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडलं ते टेम्परिंग, म्हणजे वितळलेलं चॉकलेट घोटत बरोबर तापमानाला आणणं. संगमरवरी ओट्यावर वितळलेलं चॉकलेट ओततात आणि एक बाई पातं घेऊन ते पसरवतायत, गोळा करतायत, परत पसरवतायत, कढईत पिठलं घोटावं तशा एकाच लयीत. कोकोच्या लोण्याचे स्फटिक वेगवेगळ्या प्रकारचे होऊ शकतात, त्यातला बरोबर प्रकार जमला तरच वडीला चमक येते आणि तुकडा मोडताना कट्‌ आवाज होतो, मिल्क चॉकलेटला हे काम साधारण तीस अंशाच्या आसपास आणावं लागतं. उन्हाळ्यात पर्समध्ये वितळून परत घट्ट झालेली कॅडबरी पांढरट आणि भुसभुशीत का होते त्याचं कारण हेच, स्फटिक बिघडले. मोठी सात वर्षांची आहे, तिला हे पटकन कळलं आणि मग तिने घरी येऊन फ्रीजमधल्या सगळ्या वड्या मोडून आवाज ऐकला. तिथे मुलांना पातळ चॉकलेटने स्वतःचं नाव लिहायला पण देतात. तिने आजीचं लिहिलं, देवनागरीत, काना-मात्रा सगळं व्यवस्थित, माझा ऊर भरून आला अगदी.

बाकी छोट्या गाडीतून फिरवणारी राईड आहे, खुर्च्या हलणारा फोर-डी शो आहे (हा मोठीला प्रचंड आवडला), बाहेर खेळायची जागा आहे आणि शेवटी भलंमोठं दुकान. दुकानाबद्दल एवढंच, घरी अंडं चालत नसेल तर क्रीम एग घेऊ नका, त्यात खरंच अंड्याचा पांढरा भाग असतो. आई अंडं खात नाही म्हणून मी प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचत बसले होते.

आता खरं सांगायचं ते. बहुतेक लोक दुकानातून पिशव्या भरतात आणि थेट पार्किंगला. प्लीज असं करू नका, दहा मिनिटं चालून बॉर्नव्हिल गावात जा, कारण माझ्या मते अर्धी कॅडबरी बाहेर आहे. जॉनची मुलं रिचर्ड आणि जॉर्ज, त्यांनी १८६१ मध्ये धंदा हातात घेतला आणि १८७९ मध्ये शहरातली धुराची, कोंदट जागा सोडून कारखाना इथे मोकळ्या शेतात आणला. जॉर्ज रविवारी बर्मिंगहॅमच्या गरीब वस्तीतल्या मोठ्या माणसांना लिहायवाचायला शिकवायचा, वर्षानुवर्षं शिकवलं त्याने, आणि आपले विद्यार्थी कसल्या खुराड्यात राहतात ते त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून १८९३ मध्ये कारखान्याजवळ १२० एकर जमीन घेऊन त्याने घरं बांधायला काढली, प्रत्येक घराला बाग, बागेत आधीच लावलेली फळझाडं. आणि ही घरं फक्त आपल्या कामगारांना नाही, इतरांनाही. १९०० मध्ये सगळं ट्रस्टच्या हवाली केलं, तो ट्रस्ट अजून आहे. गावात पब नाही, क्वेकरांचं गाव ना.

मधल्या हिरवळीवर एक आठकोनी छोटी इमारत आहे, रेस्ट हाऊस, जॉर्ज आणि एलिझाबेथच्या लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून कामगारांनी वर्गणी काढून बांधलेली. मालकाच्या लग्नाच्या वाढदिवसाला कामगार इमारत बांधतात हे ऐकून आई गप्पच झाली, तिचे वडील गिरणीत होते. आम्ही तिथेच हिरवळीवर चादर टाकली, दशम्या आणि चटणी काढली, धाकटा अनवाणी पळत होता आणि मोठी प्रश्नांवर प्रश्न. मग कॅडबरीवाले कधीच चुकले नाहीत का? मी तिला सांगितलं, चुकले. त्यांचा कोको आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावरून यायचा, तिथे माणसांना जवळजवळ गुलाम करून राबवायचे, हे कळल्यावरही कॅडबरींनी खरेदी थांबवायला कितीतरी वर्षं लावली, १९०९ मध्ये थांबवली. एका पेपरने त्यावर टीका केली तर हे कोर्टात गेले, जिंकले, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. सात वर्षांच्या मुलीला हे सांगावं का असं नवरा नंतर म्हणाला. सांगावं. जी चॉकलेट खाते ती हे ऐकू शकते, तिने नीट ऐकलं आणि मग कोको आता कुठून येतो विचारलं, तेव्हा आम्ही फोनवर घाना शोधून दाखवलं.

जमलं तर शनिवारी जा. हिरवळीसमोरच्या शाळेच्या मनोऱ्यात कॅरिलॉन आहे, घंटांचं वाद्य, १९०६ साली जॉर्जनेच बसवलेलं, आता त्यात ४८ घंटा आहेत, ते शनिवारी वाजवतात. चादर, पाण्याच्या बाटल्या आणि पोरांचे कपड्यांचे जास्तीचे जोड घ्या, तो पातळ चॉकलेटचा कप अंगावर सांडतोच. सेली मॅनर नावाचं जुनं लाकडी घर पण जवळच आहे, जॉर्जने ते दुसरीकडून सोडवून आणून इथे परत उभं केलं, पण तोवर धाकटा खांद्यावर झोपला होता म्हणून ते बाहेरूनच बघितलं. पुढच्या वेळी आधी तिथे जाणार, कॅडबरी वर्ल्ड दुपारी.