पाऊण तास आधी

लाइपत्सिगला येऊन मला आठ महिने झाले होते आणि एकाही जर्मन माणसाच्या घरचं मी काही खाल्लं नव्हतं. वर्गात ओळखी होत्या, मेन्साच्या, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीच्या, रांगेत गप्पा व्हायच्या, पण 'घरी ये' असं काही कुणाच्या तोंडून निघत नव्हतं. त्यामुळे जुलैतल्या एका गुरुवारी माझी फ्लॅटमेट भांडी विसळता विसळता म्हणाली, "रविवारी ओमाच्या बागेत येतेस का? तीन वाजता, कॉफीला," (ओमा म्हणजे तिची आजी) तेव्हा तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

शनिवारचं फार सांगण्यासारखं नाही. थोमासकिर्श या चर्चमध्ये मोटेट्टे, म्हणजे समूहाने गायलेली धार्मिक गाणी, ऐकायला गेले, खांबामागची जागा मिळाली, त्यामुळे गाणारे दिसलेच नाहीत. संगीतकार बाख 1723 ते 1750 एवढी वर्षं या चर्चचा कांटोर, म्हणजे संगीतप्रमुख, होता आणि त्याची कबरही तिथेच आहे, ती पाहिली. बाहेर पडून 'लाइपत्सिगर लेर्ख' खाल्ली. लेर्ख म्हणजे चंडोल. एकेकाळी इथे खरेखुरे चंडोल मारून, भाजून खायचे. 1876 मध्ये त्या शिकारीवर बंदी आली आणि बेकरीवाल्यांनी मार्झिपान, म्हणजे बदाम-साखरेचं सारण, भरून शाकाहारी चंडोल काढला. बरा लागतो. एकाने पोट भरत नाही आणि दुसरा खाववत नाही.

आता रविवार. रविवारी ट्राम कमी असतात म्हणून मी लवकर निघाले, ट्राम लगेच मिळाली आणि सव्वादोनला मी बागेच्या फाटकाशी हजर. मनात म्हटलं, चला, बरंच झालं, चार कामांना हात लागेल, आजी खूश होतील.

या बागा ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते: शहराच्या मध्येच एक वस्ती असावी तशी बागांची वसाहत असते. मध्ये अरुंद पायवाटा, दोन्ही बाजूंना कापून सरळ केलेली कुंपणं आणि प्रत्येक कुंपणाआड एक तुकडा जमीन नि एक लाकडी खोपटं. लाइपत्सिगमध्ये अशा बागांच्या अडीचशेहून जास्त संस्था आहेत. ओमांच्या फाटकाला एक पितळी घंटा टांगलेली होती. घंटा आहे म्हणजे वाजवायची, या हिशोबाने मी दोरी चांगली दोनदा ओढली.

देवळातही एवढा आवाज झाला नसता. डाव्या कुंपणावरून एक डोकं वर आलं, उजवीकडून दोन. समोरच्या बागेतले गृहस्थ आरामखुर्चीतून उठले, त्यांनी घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं. बोलले काहीच नाहीत. ओरडले असते तर निदान माफी तरी मागता आली असती.

मग ओमा आल्या. बुटक्या, हातात कात्री, पायात रबरी बूट. 'या, बसा' नाही की हसणं नाही. ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्या मागच्या पाटीकडे दाखवलं. एक ते तीन शांतता. ही दुपारची झाली. रविवार तर अख्खाच शांततेचा, गवत कापायचं यंत्र लावायचं नाही, ठोकाठोक करायची नाही. "तीन वाजता," त्या कुजबुजल्या. मला वाटलं, आता पाऊण तास बाहेर उभं करतात की काय. पण फाटक उघडलं, माझ्या हातात एक मोठा वाडगा दिला आणि लाल योहानिसबेरींच्या झुडपापाशी नेऊन सोडलं. फ्लॅटमेट सफरचंदाच्या झाडाखाली खुशाल घोरत होती.

योहानिसबेरी म्हणजे मिरीपेक्षा जरा मोठे, काचेसारखे लालभडक मणी, द्राक्षांसारखे घोसाने लोंबतात. ओमांनी घोस कसा खुडायचा ते एकदा करून दाखवलं, मग आम्ही दोघी एकाच झुडपाच्या दोन बाजूंना बसलो. वाडगा भरल्यावर त्यांनी खिशातून दोन काटे काढले. हो, जेवायचे. घोसाचं देठ धरायचं आणि काटा वरून खाली ओढायचा. मणी टपटप वाडग्यात. त्या दुपारी सगळ्यात मोठा आवाज तोच.

पहिली दहा मिनिटं मला असह्य झाली. कुणाकडे गेल्यावर गप्प बसायची मला सवयच नाही. दोनदा मी तोंड उघडलं, दोनदा त्यांनी भुवई उचलली. मग कधीतरी मी बोलायचं काय हे ठरवणं सोडून दिलं. आठ महिने मी प्रत्येक वाक्य तोंडाबाहेर काढण्याआधी मनात त्याचं व्याकरण तपासत होते: हे पुल्लिंगी 'डेर' की नपुंसकलिंगी 'दास', क्रियापद शेवटी गेलं का. इथे काही तपासायचं नव्हतं. बोटं लाल झाली, मधमाश्या डोक्यावरून गेल्या. एकदा ओमांनी न बघता हात लांब करून माझ्या वाडग्यातला एक कच्चा घोस काढून फेकला. मला इतकं घरच्यासारखं वाटलं की डोळे भरून आले. आंबट मण्यांमुळे, असं मी स्वतःला सांगितलं.

दूर कुठल्या तरी चर्चमध्ये तीनचे ठोके पडले आणि ओमा बोलायला लागल्या त्या पाच वाजेपर्यंत थांबल्याच नाहीत.

केक उत्तम होता, वर अंड्याच्या पांढऱ्याचा भाजलेला फेस. कॉफीबद्दल काय बोलावं. पातळ कॉफीला इथे 'ब्ल्यूमशेनकाफे' म्हणतात, म्हणजे कपाच्या तळाला रंगवलेलं फूल वरून दिसेल अशी. मला फूल दिसलंच, पाकळ्याही मोजता आल्या.

या बागांना इथे 'श्रेबरगार्टन' म्हणतात, म्हणून मी शहाणपणा करून 'श्रेबर साहेबांनी काढलेल्या बागा' म्हटलं तर ओमा चिडल्याच. डॉक्टर श्रेबर 1861 मध्येच वारले होते! संस्था काढली ती 1864 साली, शाळेचे मुख्याध्यापक हाउशिल्ड यांनी, आणि तीही मुलांना खेळायला कुरण हवं म्हणून. मग गेसेल नावाच्या शिक्षकांनी त्या कुरणाच्या कडेला मुलांसाठी वाफे केले, मुलं चार दिवसांत कंटाळली, आणि निंदणी आईबापांच्या गळ्यात पडली. "आणि नाव कुणाचं? श्रेबरचं!" आजही नियम कडक. जमीन भाड्याची, खोपटं 24 चौरस मीटरच्या आत, त्यात कायमचं राहायचं नाही, आणि एक तृतीयांश भागात फळं-भाज्या हव्यातच. नुसती हिरवळ करून लोळता येत नाही. पूर्व जर्मनीच्या काळात बागेतली फळं सरकार चढ्या भावाने घ्यायचं आणि दुकानात स्वस्तात विकायचं. ओमा मागच्या खिडकीत बेरी विकून पुढच्या दारातून त्याच बेरी परत घेऊन येत, असं त्यांनी डोळे मिचकावत सांगितलं.

एक गोष्ट मात्र मला लागली. आजीला मी जन्मात कधी अहो-जाहो केलेलं नाही. इथे समोर आजी, आणि मी दोन तास 'झी, झी', म्हणजे 'अहो, तुम्ही', करते आहे, त्याही मला 'झी'. 'डू', म्हणजे 'तू', म्हणायची परवानगी मोठ्या माणसाने द्यायची असते. मी वाट पाहिली. नाही दिली. फ्लॅटमेटच्या मित्राला म्हणे दोन वर्षं लागली.

निघताना गेल्या वर्षीच्या जॅमची एक बरणी दिली. मी आभाराचं मोठं वाक्य जुळवत होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बरणी परत हवी. झाकणासकट."

जॅम चार दिवसांत संपवला, पोळीबरोबर. बरणी धुऊन खिडकीत ठेवली आहे. फ्लॅटमेटकडे देते म्हटलं तर तिने ओमांना फोन लावला. निरोप आला: पुढच्या रविवारी, काळ्या बेरी तयार आहेत, कॉफी तीन वाजता, पण मी सव्वादोनला यायचं. घंटा न वाजवता.