३० मिलिअँपिअरसाठी सात आठवडे: तरणतलावाच्या पॅनलचा माझा अनुभव

गुहागर तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमची नारळ-पोफळीची वाडी आहे आणि तेथे उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी आम्ही ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल असा लहान तरणतलाव बांधला. खोदाई, चिऱ्याचे बांधकाम, टाइल्स, वाळूचा फिल्टर ही कामे ठरल्याप्रमाणे झाली. अडले ते विजेच्या पॅनलपाशी, आणि तेथे आगोटीच्या तोंडावरचे सात आठवडे गेले. त्याची चीड अजून मनात आहे, म्हणून हे लिहीत आहे.

आमची गरज मोठी नव्हती. तलावात सुमारे ३८ हजार लिटर पाणी मावते आणि ते सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरावे म्हणून १ अश्वशक्तीचा थ्री फेज पंप घेतला होता. त्याचा ओव्हरलोड रिलेसह स्टार्टर, एखादी फेज गेल्यास पंप थांबवणारा प्रिव्हेंटर, टायमर, पाण्यातील दिव्यांसाठी १२ व्होल्टचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागली की पडणारा, म्हणजे पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) एवढेच पॅनलमध्ये हवे होते. हे सर्व मी शहरातील एका पॅनल बनवणाऱ्याला फोनवर सांगितले. त्यांच्याकडून आलेल्या कोटेशनमध्ये एकच ओळ होती: ‘तरणतलाव कंट्रोल पॅनल, १ नग’. मी सुट्या भागांची यादी आणि वायरिंगचा आराखडा मागितला, तेव्हा पॅनल आले की सगळे कळेल, असे उत्तर मिळाले. मी निम्मी रक्कम आगाऊ देऊन बसले होते. आराखडा हातात येऊन तो आपल्या वायरमनने वाचेपर्यंत कोणीही आगाऊ रक्कम देऊ नये.

तीन आठवड्यांनी पॅनल आले. वायरमनने दार उघडले आणि आरसीसीबीवर छापलेला आकडा मला दाखवला. तो १०० मिलिअँपिअरचा होता. मी लगेच फोन केला, तर पलीकडून शांतपणे सांगण्यात आले, “मॅडम, तुमच्या कोकणात ३० चा टिकत नाही, पावसात रोज पडतो. म्हणून आम्ही तिकडे १०० चाच देतो.” म्हणजे चूक झालेली नव्हती, ते जाणूनबुजून केलेले होते, आणि मला विचारलेही नव्हते.

यावर आमचा वायरमन जे बोलला ते मी जसेच्या तसे लिहिते: “काकू, तो पडला तर गळती कुठे आहे ती शोधायची. बदलायची ती केबल, नाहीतर पंप. आरसीसीबी नाही.” शरीरातून ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही सेकंद वाहत राहिला, तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो, आणि भिजलेले शरीर तो प्रवाह कोरड्या शरीरापेक्षा सहज वाहू देते. १०० चे उपकरण ५० ते १०० मिलिअँपिअरच्या दरम्यान कधीतरी पडते. त्याचा उपयोग आगीचा धोका कमी करण्यासाठी होतो, पाण्यात उतरलेल्या मुलाच्या रक्षणासाठी ते पुरेसे नाही.

शिवाय आमची जमीन जांभ्याची. पावसाळा संपला की जांभ्यातला ओलावा उतरून जातो आणि अर्थिंगचा रोध वाढतो. मे महिन्यात वायरमनने आमचा अर्थिंगचा खड्डा मोजला तेव्हा ४० ओहम आले. पंपाच्या कवचात वीज उतरली तर २३० व्होल्टला त्या अर्थिंगमधून जेमतेम पावणेसहा अँपिअर वाहतील आणि १० अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की पडणारा स्विच) त्यावर पडणार नाही, कवच मात्र जिवंत राहील. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला एवढा प्रवाह पडण्यासाठी पुरेसा, किंबहुना कितीतरी अधिक आहे. जेथे अर्थिंग दुबळे आहे तेथेच या उपकरणाची गरज सर्वांत जास्त असते. हे मी त्या गृहस्थांना तीन वेळा फोनवर आणि एकदा पत्राने कळवले, तरीही पॅनल परत नेऊन बदलून द्यायला त्यांनी आणखी चार आठवडे लावले आणि दर वेळी ‘उद्या गाडी निघते’ एवढेच सांगितले. थ्री फेज पंपासाठी फोर पोल आरसीसीबी आणि ट्रान्सफॉर्मरच्या वाटेवर स्वतंत्र टू पोल आरसीसीबी, असे दोन्ही मी लेखी मागितले होते आणि शेवटी तसेच मिळाले. दोन वेगळे असल्यामुळे पंपात गळती झाली तरी दिवे विझत नाहीत.

पेटीविषयी सांगायचे राहिले. पहिली पेटी पत्र्याची होती आणि केबलची छिद्रे वरच्या बाजूला होती. खाऱ्या हवेत पत्रा रंग देऊनही छिद्रांच्या कडांपासून गंजतो आणि वरून आलेली केबल पावसाची झड थेट आत घेऊन येते. बदलताना आम्ही आयपी ६५ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न येऊ देणारी, पॉलिकार्बोनेटची पेटी घेतली आणि सर्व केबल खालून, ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत घेतल्या. क्लोरीनचे डबे पूर्वी पंपघरातच ठेवत असू, ते बाहेर हलवले, कारण त्यांच्या वाफेने तांब्याची टोके हिरवी पडतात. जागा ठरवताना आयईसी ६०३६४ या वीजजोडणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा ७०२ वा भाग उपयोगी पडला. त्यात तलावाच्या कडेपासून २ मीटर आणि त्यापुढे १.५ मीटर असे पट्टे आखलेले आहेत. आमचे पॅनल आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही या साडेतीन मीटरच्या पलीकडे आहेत.

टायमरला बॅटरी आहे की नाही, हेही मागणीतच लिहावे. आमच्याकडे वीज गेल्यावर पहिला टायमर घड्याळ विसरत असे आणि पंप मध्यरात्री सुरू होई.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, भर पावसात, पॅनल एकदाचे सुरू झाले. पहिल्याच महिन्यात पंपाचा आरसीसीबी दोनदा पडला. वायरमनने मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र) लावून पाहिले, तेव्हा पंपाच्या टर्मिनल बॉक्सची रबरी पट्टी सरकून आत पाणी गेलेले आढळले. पट्टी बदलल्यापासून तो पडलेला नाही. दर महिन्याच्या १ तारखेला मी स्वतः दोन्हींचे टेस्टचे बटण दाबते आणि दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर तारीख लिहिते.