कुडाळ ते लंडन: घराच्या दारापासून दारापर्यंत

जुलैत आईला घेऊन बहिणीकडे लंडनला गेले. निघण्याआधी सगळे एकच विचारत, विमानाला किती तास? मुंबई-लंडन थेट विमानाला साधारण दहा तास लागतात. पण कोकणातून निघणाऱ्याने हिशोब घरापासून धरावा. आम्हाला दारापासून दारापर्यंत दीड दिवसाच्या वर लागला आणि खरी धाकधूक होती ती कुडाळ ते मुंबई या पाचशे किलोमीटरचीच.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात. १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीला रुळांवर दरड आली आणि वाहतूक ठप्प झाली होती. म्हणून कळकळीने सांगते, पावसाळ्यात विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठा, कुणा नातेवाईकाकडे एक रात्र काढा. आमची रात्रीची गाडी बरीच उशिरा दादरला पोचली, तरी विमान दुसऱ्या दिवशी असल्याने आई निवांत होती.

मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावरची सगळ्यात जवळची वाट पाकिस्तान, इराण, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे आणि एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं भारतीय कंपन्यांना. त्यामुळे वळसा पडतो. तिकीट काढताना जुन्या माहितीवर न जाता त्या दिवसाची वेळ बघा. येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, तासभर तरी वाचतो.

उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. दुपारी दोनला उडालात तर तिथे संध्याकाळी साडेसातला उतरता आणि जुलैत तेव्हा लख्ख उजेड असतो. आईला झोपच येईना. पहिले दोन दिवस कुठलाही कार्यक्रम ठेवू नका.

वयस्कर माणूस सोबत असेल तर तिकिटासोबतच व्हीलचेअर सांगून ठेवा, पैसे पडत नाहीत. मुंबईच्या सहार विमानतळावर आणि लंडनच्या हीथ्रोला चालणं खूप आहे.

सामानाचं नीट ऐका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. त्यातल्या तेलामुळे खोबरं आपोआप तापू शकतं, म्हणून विमानात मनाई आहे. तूप, खव्याचे पेढेही नकोत, ब्रिटनमध्ये आपल्याकडचे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. मालवणी मसाला खुशाल न्या. कोकमाच्या आगळाची बाटली मात्र मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून.

गणपतीला परतणार असाल तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. लंडनमध्ये तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात, तेव्हा ते काम गावातल्याच कुणाला तरी सांगून जा.