पेठेतली गिरणी गेली

सदाशिव पेठेतला आमच्या शेजारचा वाडा पुनर्विकासाला गेला आणि खालची पिठाची गिरणीही बंद झाली. नवी इमारत उभी राहून गाळा मिळेपर्यंत गिऱ्हाईक थांबत नाही. कोपऱ्यावरची लाँड्रीही अशीच गेली.

गिरणीवाले काका उपासाचं दळण सकाळी, गिरणी झाडून सगळ्यांत आधी घ्यायचे. गव्हावर ज्वारी कधी टाकली नाही. पीठ चिमटीत चोळून बघायचे; थालिपिठाची भाजणी जरा भरडच हवी, हे त्यांना सांगावं लागत नसे. दगड गुळगुळीत झाले की छिन्नीने टाकी लावून पुन्हा खरबरीत करून घ्यायचे, तेवढा वेळ गिरणी बंद. पाकिटातल्या पिठाला ही निगुती नाही, हे माझं ठाम मत.

२०१२ मध्ये कॅम्पातलं ‘मॅनीज’ हे पुस्तकांचं दुकान बंद झालं तेव्हा पेपरात आलं. गिरणीची बातमी कोण छापणार? म्हणून इथे लिहिलं. आता मी दळण नारायण पेठेत नेते.